उजेडाचा डॉक्टर : नील्स फिन्सेन

१९०३ सालचं नोबेल म्हटलं की आपल्याला मेरी क्युरी आठवते. शाळेतल्या धड्यापासून ती आपल्या ओळखीची. पण त्याच वर्षी वैद्यकशास्त्राचं नोबेल कोणाला मिळालं, हे मी आमच्या वर्गात विचारून पाहिलं. साठ जणांच्या वर्गात एकही हात वर आला नाही. मागच्या बाकावरून रोन्टगेनचं नाव आलं, पण त्याला मिळालं ते भौतिकशास्त्राचं, आणि तेही १९०१ साली.

मित्रांनो, तो माणूस म्हणजे नील्स रायबर्ग फिन्सेन. डेन्मार्कचा. उजेडाने कातडीचा रोग बरा करून दाखवला म्हणून त्याला नोबेल मिळालं, आणि उजेड कसला, तर विजेच्या कार्बन आर्क दिव्याचा. म्हणजे खरं पाहता हा माणूस आपल्या खात्यातला, चुकून डॉक्टरांच्या यादीत गेलेला! आज शहराशहरांत लेसरने डाग घालवा, चेहरा उजळवा अशा पाट्या लागलेल्या दिसतात. त्या सगळ्या मशीनचा खापरपणजोबा म्हणजे फिन्सेनचा दिवा. सेमिनारसाठी मी लेसर आणि त्वचा हा विषय घेतला आणि वाचता वाचता या माणसापाशी अडकलो. सेमिनार पंधरा मिनिटांत आटोपला, पण फिन्सेन काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

फिन्सेनचा जन्म १५ डिसेंबर १८६० चा, फेरो बेटांवरच्या टॉर्शाव्हन गावचा. नकाशात आइसलंड आणि स्कॉटलंडच्या मधल्या समुद्रात मोहरी सांडल्यासारखे ठिपके दिसतात, ती ही बेटं. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम पाच तासांचा, त्यातही बहुतेक वेळ ढग. आपल्या वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी एक ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आपण उन्हाला शिव्या घालतो. ज्या गावात ऊन हीच चैन, तिथल्या पोराने आयुष्यभर उन्हाचाच विचार केला, यात नवल नाही म्हणा.

वडील हॅनेस फिन्सेन हे मूळचे आइसलंडी घराण्यातले, बेटांवर मोठे सरकारी अधिकारी. आई नील्स चार वर्षांचा असताना वारली. वडिलांनी तिच्याच नात्यातल्या बाईशी दुसरं लग्न केलं. पुढे मुलाला डेन्मार्कमधल्या हर्लुफ्सहोल्म नावाच्या नामांकित निवासी शाळेत घातलं. तिथे काही त्याचं जमलं नाही. मार्क घसरत गेले. मुलगा मनाने चांगला आहे पण बुद्धी आणि उमेद दोन्ही बेताचीच, अशा अर्थाचा शेरा मुख्याध्यापकांनी मारला. शेवटी त्याला वडिलांच्या जुन्या शाळेत, आइसलंडच्या रेक्याविकला पाठवलं. तिथून तो २१ व्या वर्षी बाहेर पडला. पंधरा जणांच्या वर्गात नंबर अकरावा. ज्यांचा एखादा विषय राहिलाय त्यांनी हा आकडा घरी सांगायला हरकत नाही, पण पुढचाही भाग सांगावा लागेल.

१८८२ मध्ये तो कोपनहेगनला डॉक्टरकी शिकायला आला. एकदोन वर्षांतच तब्येतीने दगा दिला. दम लागायचा, पोटात पाणी साठायचं, ज्याला आपल्याकडे जलोदर म्हणतात. हृदय आणि यकृताभोवतीचं आवरण जाड आणि कडक होत जाणारा तो आजार होता. त्यावर औषध नव्हतं. ऐन विशीत लागलेलं हे दुखणं त्याला शेवटपर्यंत सुटलं नाही. त्याने जे काही केलं ते सगळं या आजारपणातच केलं, हे पुढचं वाचताना ध्यानात ठेवा.

त्याची राहायची खोली उत्तरेकडे तोंड केलेली, म्हणजे ऊन नाहीच. त्याच्या लक्षात आलं की उन्हात बसलं की आपल्याला बरं वाटतं. आता बरं वाटतं हा काही पुरावा नव्हे. पण एक दिवस खिडकीतून त्याला एक मांजर दिसलं. ते उन्हात पसरलं होतं. सावली सरकत त्याच्यापर्यंत आली की ते उठायचं आणि पुन्हा उन्हात जाऊन पडायचं. पुन्हा सावली, पुन्हा उठणं. आपल्याकडे थंडीत अंगणातल्या मांजराचं हेच चालतं आणि आपण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. फिन्सेनने बघितलं. या प्राण्याला उन्हातून काहीतरी मिळतं आहे, ते काय, हा प्रश्न त्याने धरला.

१८९० ला तो डॉक्टर झाला. शवविच्छेदनाच्या वर्गात शिकवायची नोकरी मिळाली. १८९३ मध्ये ती त्याने सोडली आणि मुलांच्या शिकवण्या घेत पोट भरायचं ठरवलं, कारण संशोधनाला वेळ हवा होता. मधे १८९२ च्या शेवटी इंगेबॉर्ग बाल्स्लेव्हशी लग्न झालं होतं. तिचे वडील बिशप. आजारी नवरा, पक्की नोकरी नाही, आणि घरात काय तर वेगवेगळ्या रंगांच्या काचांची पेटी आणि त्यात गांडुळं. निळ्या काचेखाली ठेवली की ती वळवळायची आणि सरकत लाल काचेखाली जाऊन निवांत पडायची. त्यावरून त्याने ताडलं की सगळा उजेड सारखा नाही. जिवंत पेशींना छेडतो तो निळा-जांभळा आणि त्याच्या पलीकडचा भाग. लाल भाग ऊब देतो, पण एवढा छेडत नाही.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो प्रयोग सांगतो. फिन्सेनने स्वतःच्या हातावर काळ्या शाईचा एक रुंद पट्टा ओढला आणि हात कडक उन्हात काही तास धरला. मग शाई धुऊन टाकली. शाईखालची कातडी होती तशी, पांढरी. दोन्ही बाजूंची लालबुंद, पुढे सुजलेली, आणि काही दिवसांनी तपकिरी झालेली. इथपर्यंत कोणीही केलं असतं. खरी गंमत पुढे आहे. त्याने तोच हात पुन्हा उन्हात धरला, या वेळी शाई न लावता. आता उलटं झालं. आधी जपलेला पांढरा पट्टा भाजला, आणि तपकिरी झालेल्या भागाला फारसं काही झालं नाही, तो थोडा अजून गडद झाला इतकंच.

म्हणजे पहिल्यांदा शाईने जे काम केलं तेच काम दुसऱ्यांदा कातडीच्या स्वतःच्या रंगाने केलं. कातडी आपली शाई आपणच तयार करते. काळ्या माणसांचा रंग हे उन्हापासूनचं संरक्षण आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. गोऱ्या युरोपात, काळा रंग म्हणजे हलकी जात असं मानण्याच्या काळात, आजारी डॉक्टराने स्वतःच्या दंडावर शाई फासून हे दाखवलं. हातातलं घड्याळ काढून बघा, पट्ट्याखाली तुमचाही हाच प्रयोग झालेला दिसेल. सेलू-देवळीकडे कापूस वेचणाऱ्या बायांचे कोपरापर्यंतचे हात आणि वरचे दंड बघितले तरी कळेल.

त्या शाईचं नाव मेलॅनिन. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो मेलॅनिनच्या कणांच्या आकारात, प्रमाणात आणि ते कसे पसरलेत यात. आणि मेलॅनिनचा शोषणाचा आलेख काढला तर तो अतिनील भागात उंच, निळ्या-हिरव्यात जरा खाली, लालमध्ये आणखी खाली, असा उतरत जातो. एक उतरती रेघ, बस्स. पण त्या रेघेचा अर्थ माझ्या घरात कळला तो वेगळ्याच कारणाने.

माझ्या मावसबहिणीला, आम्ही तिला ताई म्हणतो, बाळंतपणानंतर गालांवर वांग आले. आमच्याकडे सगळ्यांचा रंग सावळाच, पण वांग त्याहून गडद दिसतात. सासरी, लग्नाकार्यात, बाया विचारायच्याच की हे काय झालं गं तोंडाला. ती समारंभाला जाणंच टाळू लागली. एका मोठ्या शहरात कोणीतरी सांगितलेल्या ठिकाणी तिने लेसरचं पॅकेज घेतलं, त्यासाठी शिलाईकामाचे साठवलेले पैसे भरले. दुसऱ्या वेळेनंतर गालावर भाजल्यासारखे गोल चट्टे उठले आणि ते बरे झाले ते आधीच्या वांगापेक्षा काळे होऊन. मी तिच्यासोबत विचारायला गेलो. मशीनची वेव्हलेंग्थ किती, पल्स किती वेळाचा, आधी कानामागे किंवा जबड्याखाली चाचणीचा ठिपका मारून बघितला होता का, एवढंच विचारलं. तिथल्या बाईंना मशीनचं नाव सोडून काही सांगता आलं नाही. पैसे परत मिळाले नाहीतच.

मग सेमिनारचा विषय बदलायची गरजच उरली नाही. १९६० मध्ये मेमनने रुबी लेसर पेटवला आणि काही वर्षांतच कातडीच्या डॉक्टरांनी तो हातात घेतला. १९८३ मध्ये बोस्टनच्या अँडरसन आणि पॅरिश यांनी नियम मांडला : ज्या कणाला मारायचं आहे तो जो रंग शोषतो त्या रंगाचा उजेड द्या, आणि कण गार व्हायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळ द्या. मग उष्णता त्या कणातच कोंडते, शेजाऱ्याला पोहोचत नाही. मेलॅनिनचे कण इतके बारीक की हा वेळ एक मायक्रोसेकंदाच्या आतला, म्हणून डाग काढायला नॅनोसेकंदांचे पल्स लागतात. कागदावर नियम सुंदर आहे. पण सावळ्या माणसाच्या कातडीत निशाण्यावरचं मेलॅनिन आणि वाटेतलं मेलॅनिन एकच. फिन्सेनची शाई सगळीकडेच सांडलेली. वरच्या थरातली शाई उजेड आधीच गिळते आणि तापते. कातडी दुखावली की रंगाच्या पेशी चवताळून आणखी रंग ओततात. म्हणून गडद कातडीसाठी डॉक्टर आलेखाच्या उताराच्या टोकाकडचा, १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर पसंत करतात, शक्ती कमी ठेवतात, कातडी गार ठेवतात, चाचणीचा ठिपका मारून काही आठवडे थांबतात. ५३२ ला, म्हणजे हिरव्या उजेडाला, तीच कातडी कितीतरी जास्त शोषते. आणि वांग असतील तर लेसर हा पहिला उपाय नव्हेच, कारण बऱ्याचदा ते परत येतात. कातडीचे एक ते सहा असे प्रकार पाडले आहेत, आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात बसतो. हे वर्गीकरण फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९७५ मध्ये केलं ते मुळात गोऱ्या कातडीसाठी, उजेडाचा डोस ठरवायला. तपकिरी आणि काळ्या कातडीचे दोन प्रकार मागाहून जोडले गेले. तो उजेड सोरालेन देऊन मग अतिनील किरणांत बसवण्याच्या उपचाराचा होता. सोरालेन आपल्या बावचीच्या बियांत असतं, आणि कोडावर बावची लावून उन्हात बसायचं हे आपल्याकडे फार जुनं आहे. असो, विषयांतर झालं.

ताईला नंतर एका रुग्णालयाच्या त्वचा विभागात नेलं. तिथल्या मॅडमनी लेसर पूर्ण बंद करायला सांगितला, मलम दिलं, रंगीत सनस्क्रीन दिलं, कारण सावळ्या कातडीवर नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही डाग गडद होतात. आणि शिवाय स्कार्फ. वर्षभरात चट्टे बरेच फिके झाले. वांग थोडे आहेत, ते आहेतच.

पुन्हा फिन्सेनकडे. १८९३ मध्ये त्याने देवीच्या रोग्यांबद्दल एक लेख लिहिला. रोग्याला लाल पडदे, लाल काचा लावलेल्या खोलीत ठेवा, छेडणारे किरण आत येऊ देऊ नका, म्हणजे व्रण कमी पडतील, अशी त्याची कल्पना. देवीच्या रोग्याला लाल कपड्यात गुंडाळायची रीत युरोपात पूर्वीपासून होतीच, त्याने तिच्यामागे विज्ञान शोधायचा प्रयत्न केला. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी करून पाहिलं आणि फायदा झाला असं कळवलं. त्याचं नाव झालं ते इथून. पुढे ही पद्धत टिकली नाही. देवीला हरवलं ते लशीने, आणि आपल्याकडून देवी १९७५ मध्ये गेली. माझ्या मते त्याच्या कामातला हा सगळ्यात कच्चा भाग. पण त्यातूनच त्याला उलटा प्रश्न सुचला. उजेड बाहेर ठेवून काही साधत असेल, तर उजेड आत घालून काय साधेल?

जंतू उजेडाने मरतात हे तोवर माहीत झालं होतं. आता कातडीत बसलेला जंतू हवा होता, म्हणजे त्याच्यापर्यंत उजेड पोहोचेल. असा रोग होता ल्युपस व्हल्गॅरिस, म्हणजे कातडीचा क्षय. ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. हा रोग नाक, गाल, ओठ कुरतडत जायचा, लांडग्याने लचके तोडावेत तसा. माणूस मरायचा नाही, वर्षानुवर्षं जगायचा, पण तोंड झाकून. कामावर कोणी ठेवायचं नाही, शेजारी बसवायचं नाही. वर्ध्याच्या माणसाला हे निराळं समजावून सांगायला नको. मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं ते अशाच घराबाहेर काढलेल्या माणसांसाठी. दोन्ही रोगांचे जंतूही एकाच कुळातले, चुलतभाऊच म्हणा.

कोपनहेगनमध्ये सूर्य भरवशाचा नाही. म्हणून फिन्सेन गेला वीज कंपनीकडे. शहराच्या वीज केंद्रात मोठा कार्बन आर्क दिवा होता आणि तो वापरायला त्याला परवानगी मिळाली. नोव्हेंबर १८९५ मध्ये त्याचा पहिला रुग्ण त्या दिव्यासमोर बसला. नील्स मोगेन्सेन त्याचं नाव, आणि व्यवसायाने तो होता इंजिनिअर! आठ वर्षं चेहऱ्यावर ल्युपस घेऊन फिरत होता, कापून-जाळून झालं होतं, काही उपयोग नव्हता. जनरेटरच्या घरघरीत, रोज, चेहऱ्याच्या एकेका लहान तुकड्यावर उजेड. काही महिन्यांत जखमा भरून आल्या. दवाखान्यात नाही, पॉवरहाऊसमध्ये, हे मला फार आवडलं.

आर्कचा उजेड म्हणजे काय हे वर्कशॉपमध्ये वेल्डिंग केलेल्यांना सांगायला नको. काळी काच न लावता बघितलं की रात्रभर डोळ्यांत वाळू. गळ्यापाशी शर्टाचं बटण उघडं राहिलं की तिथली कातडी दुसऱ्या दिवशी लाल. जुन्या टॉकीजच्या प्रोजेक्टरमध्येही कार्बनच्या कांड्याच जळायच्या. फिन्सेनचा दिवा याहून दांडगा, पन्नास ते ऐंशी अँपिअर ओढणारा. आता प्रश्न सुरू झाले ते शुद्ध इंजिनिअरिंगचे. पहिला, उष्णता. रुग्ण भाजता कामा नये. म्हणून पितळी नळ्यांमध्ये भिंगं बसवून मधे पाणी भरलं. पाण्याने उष्णतेचे किरण गिळले आणि हवा तो उजेड पुढे गेला. दुसरा, काच. साधी काच अतिनील किरण अडवते, म्हणून भिंगं स्फटिकाची, क्वार्ट्झची केली.

तिसरा प्रश्न सगळ्यात चतुर. उजेड खोल जाईना. त्याने बायकोच्या कानाच्या पाळीमागे फोटोचा कागद धरला आणि पुढून निळा उजेड टाकला, असं सांगतात. पाच मिनिटं झाली तरी कागद काळा पडेना. मग पाळी दोन काचांत दाबून धरली, इतकी की रक्त बाजूला सरून ती पांढरी पडली. आता कागद वीस सेकंदांत काळा. म्हणजे वाट अडवत होतं ते रक्त. रक्त लाल दिसतं कारण ते निळा-हिरवा उजेड गिळतं, हे आपल्याला माहीत असतं, पण त्यावरून स्फटिकाचं दाबायचं भिंग करायला डोकं लागतं. त्या भिंगातून गार पाणी खेळवलं की एकाच वस्तूने तीन कामं होतात, उजेड एकवटणं, रक्त सारणं आणि कातडी गार ठेवणं. आजच्या लेसरच्या टोकाशी असलेली गार काच बघा, कल्पना तीच. काही डॉक्टर आजही काचेने डाग दाबून मग लेसर मारतात, उजेड रक्तात वाया जाऊ नये म्हणून.

१८९६ मध्ये कोपनहेगनला फिन्सेनच्या नावाची प्रकाश संस्था उघडली. एका दिव्याला चार नळ्या, चार बाजूंना चार खाटा, प्रत्येक रुग्णाजवळ काळा चष्मा लावलेली एक नर्स, तिच्या हातात ते दाबायचं भिंग. रुपयाच्या नाण्याएवढा एक तुकडा, त्यावर तासभर. उद्या शेजारचा तुकडा. मोठा ल्युपस असेल तर महिनेच्या महिने, काहींना वर्षं. आजच्या दहा मिनिटांच्या पॅकेजशी तुलना करू नये पण मनात येतेच. रुग्णांचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढून ठेवलेले आहेत. पहिल्या पाच-सहा वर्षांत आठशेच्या वर ल्युपसचे रुग्ण तिथे आले आणि त्यातले बहुतेक बरे झाले किंवा पुष्कळ सुधारले. ज्या रोगावर तोवर चाकू आणि डागणी याशिवाय काही नव्हतं, त्यात हा आकडा भलताच. मूळची डेन्मार्कची राजकन्या अलेक्झांड्रा इंग्लंडची युवराज्ञी होती, तिने १९०० मध्ये असा दिवा लंडन हॉस्पिटलला आणवला. मग युरोपभर दिवे लागले.

या सगळ्या काळात दिव्यांचा मालक स्वतः खुर्चीला खिळत चालला होता. पोटातलं पाणी पुन्हा पुन्हा सुई घालून काढावं लागायचं. चार मुलं झाली, त्यातलं पहिलं जन्माच्या दुसऱ्याच दिवशी गेलं. संस्थेचं काम तो घरून, चाकाच्या खुर्चीतून बघायचा. १९०३ मध्ये नोबेल जाहीर झालं तेव्हा स्टॉकहोमला जाण्याइतकी ताकद नव्हती. डेन्मार्कला मिळालेलं ते पहिलं नोबेल. रकमेतला मोठा वाटा त्याने आपल्या संस्थेला आणि हृदय-यकृताच्या रुग्णांसाठी काढलेल्या आरोग्यधामाला देऊन टाकला. आपल्या दुखण्याच्या माणसांसाठी.

शेवटच्या वर्षांत त्याने एक नवीन रुग्ण अभ्यासाला घेतला. स्वतःला. ताटातलं मीठ मोजायचं, प्यायलेलं पाणी मोजायचं, बाहेर किती पडलं ते मोजायचं, वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. मीठ शरीरात साठतं आणि त्यामागे पाणी साठतं, हे त्याने आकड्यांनी दाखवलं आणि स्वतःला मीठ कमी करून घेतलं. त्यावरचा लेख १९०४ मध्ये छापून आला. शाई फासलेल्या हातापासून मिठाच्या वहीपर्यंत त्याची प्रयोगशाळा म्हणजे बहुतेक वेळा त्याचंच शरीर होतं. आमच्या लॅबमध्ये रीडिंग जुळवून आणणारे मला या ठिकाणी आठवले, नावं घेत नाही. २४ सप्टेंबर १९०४ ला तो गेला. वय ४३.

त्याचे दिवे त्याच्यानंतरही काही दशकं चालले. मग क्षयाची औषधं आली, गोळ्यांनी ल्युपस बरा होऊ लागला आणि दिवे संग्रहालयात गेले. हकिकत इथे संपली असती, पण २००५ मध्ये डेन्मार्कच्याच काही संशोधकांनी ती जुनी भिंगं आणि गाळण्या काढून स्पेक्ट्रोमीटरसमोर धरल्या. निघालं असं की त्या संपूर्ण रचनेतून साधारण ३४० नॅनोमीटरच्या खालचा उजेड बाहेर पडतच नव्हता. म्हणजे जंतू जाळणारे सगळ्यात तीव्र अतिनील किरण रुग्णापर्यंत पोहोचलेच नव्हते. मग रुग्ण बरे झाले ते कशाने? त्यांनी क्षयाच्या जंतूकडे पाहिलं, तर त्यात पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं सापडली. ती जांभळा-निळा उजेड शोषतात आणि त्यातून असा ऑक्सिजन तयार होतो जो जंतूला आतूनच मारतो. तो उजेड मात्र फिन्सेनच्या भिंगांतून व्यवस्थित येत होता. जंतूच्या पोटातही त्याची स्वतःची शाई होती, आणि १८९५ च्या त्या पॉवरहाऊसमध्ये दिव्याने नेमकी तीच गाठली होती.